झोपी जाणारा माउस

सांगावं असं मी काही केलेलं नाही, तरी लिहायला बसलोय. वाचणाऱ्यांनी माफ करावं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की पहिल्या वर्षाची, हॉस्टेलमधली ती दुपार आठवते. बाबांनी हौसेनं घेऊन दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी स्वतःच फुकट मिळणारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती, आणि तेव्हापासून माउस जरा वेळ स्थिर ठेवून पुन्हा हलवला की स्क्रीनवरचा बाण जागीच अडकलेला असायचा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मशीन आपणच बिघडवलं, आता बाबांना काय सांगू, या विचारानं मला जेवण जाईना. शेवटी शेजारच्या खोलीतल्या सीनियर दादाला बोलावलं. "काहून तोंड पाडून राहिला गा? मशीनच आहे ते," म्हणत त्यानं माउस स्वतःच्या लॅपटॉपला लावला, तर तिथे तो छान चालला. मग माझ्या मशीनवर बराच वेळ शोधून तो हसला. "वीज वाचवासाठी तुझी सिस्टीम माउसले झोपवून राहिली." त्यानं ती सोय बंद केली, तसा बाण सरळ धावू लागला. "आता हे सिस्टीम बनवणाऱ्यायले लिही." "दादा, मले धड इंग्रजी येत नाही." "त्यायले तुझं इंग्रजी नाही पाहाचं, माउस काहून थांबते ते पाहाचं आहे." शेजारी बसून त्यानं चार ओळी माझ्याच हातानं लिहून घेतल्या. आता दादा दूर नोकरीला आहे आणि मी शेवटच्या वर्षाला. त्याचे आभार मात्र नीट मानले नव्हते, म्हणून हे लिहितोय. काल त्या चार ओळींना उत्तर आलं: चूक तुमची नव्हती, आमची होती, आणि नव्या आवृत्तीत ती सगळ्यांसाठी दुरुस्त केली आहे.