डावा हात खिशात

त्याचा डावा हात खिशाबाहेर होता. तो जमिनीवर पडला होता आणि त्याची बायको ओलं फडकं धरून ओरडत होती, "प्लग तर मी काढला होता जी! ताई, तुमच्यासमोर काढला होता!"

दीक्षितपुऱ्यात माझ्या दाराला लागून त्याचं दार. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे गिटारचे जुने अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारे डबे, तो दुरुस्त करायचा. त्याला काम करताना पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. उघड्या डब्यात उजवा हात आणि डावा पँटच्या खिशात, फोटो काढायला उभा राहिल्यासारखा.

मी विचारलं, "काहून, दुसऱ्या हाताला मेंदी लावली का?"

"वहिनी, प्लग निघाला म्हणजे वीज निघाली असं नाही. ती आत दबा धरून बसते. दोन्ही हात लागले की छातीतून जाते. एक हात खिशात, तर माणूस घरात."

दुरुस्ती झाली की भिंतीवर थाप पडायची. "वहिनी, कान घेऊन या!" मी चौथीपर्यंत शिकलेली, मला गिटारातलं काय कळणार? पण तो म्हणायचा, "गिटारवाली पोरं माझं मन राखतात. तुम्ही नाही राखत."

दोन डबे शेजारी ठेवून तो वाजवून दाखवायचा. मोठ्याचा आवाज कितीही वाढवा, एकेक तार वेगळी ऐकू यायची, कोऱ्या पाटीवर पेन्सिल ओढावी तशी. लहान डबा हळू छेडलं तर गोड बोलायचा. जोरात मारलं की आवाज फाटायचा, तापल्या तेलात मोहरी पडावी तसा. पोरं त्या फाटण्यासाठीच यायची.

मी म्हटलं, "फाटकंच ऐकायचं तर आमची बादली न्या."

"बादली नेहमीच फाटकी. हा मारावं तेवढाच फाटतो. हात ओळखतो."

"मग तुमच्यापेक्षा बरा," त्याची बायको आतून म्हणाली. "तुम्हाला कितीही छेडा, आवाजच नाही."

तो हसला. तेही आवाज न करता.

त्या दिवशी मी लहान डबा ऐकला आणि सांगितलं, "हा फाटत नाही, चिरकतो."

"अच्छा. चलो, पुन्हा उघडू."

बायकोनं प्लग काढला. आत उरलेली वीज उतरवायला त्यानं उजवा हात घातला. डावा खिशात होता, मी पाहिला. तेवढ्यात तिला डब्यात धूळ दिसली. धूळ दिसली की तिचा हात थांबत नसे. "किती घाण करून ठेवली जी," म्हणत तिनं ओलं फडकं आत नेलं.

त्यानं डावा हात काढून तिला ढकललं. ढकलताना तोल गेला आणि तोच हात डब्याच्या पत्र्यावर टेकला. उजवा अजून आतच होता.

आता पोरं येत नाहीत. सगळे आवाज फोनमध्येच मिळतात म्हणे. दोन्ही डबे जागेवर आहेत. ती ते रोज पुसते, कोरड्या फडक्यानं, एका हातानं. साडीला खिसा नसतो. डावा हात ती पदरात गुंडाळून ठेवते.

मी म्हटलं, "अगं, आता त्यात काही उरलं नाही."

"तुम्हाला काय माहीत ताई," ती म्हणाली. "दबा धरून बसते, म्हणायचे ते."

तो गेला. ती वाचली.