बोगुमिलाच्या घरातलं वाक्य

बोगुमिला व्झोसेक आमच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि मी संगीत. दोघी साधारण एकाच सुमारास नोकरीला लागलो आणि मागेपुढे निवृत्त झालो. तिचा घटस्फोट, माझं आजारपण, दोघींच्या पोरांची परदेशी पळापळ, सगळं आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसून निस्तरलं. तरी एक गोष्ट तिनं माझ्यापासून बरीच वर्षं दडवून ठेवली होती.

ओल्शिन्ये हे आमचं गाव पोलंडच्या पार पूर्वेच्या कडेला आहे. युद्धाआधी इथे निम्मी वस्ती ज्यूंची होती, आता एकही घर नाही. त्यांचं प्रार्थनामंदिर होतं तिथे बसस्टँड झाला. त्यांच्या कब्रस्तानाच्या टेकडीवर बर्चची झाडं माजली आहेत. आणि गावाबाहेर जंगलात, झाडं अचानक संपतात तिथे, गवताचा एक लांबट पट्टा आहे. त्याच्या टोकाला काळा दगड. ऑगस्ट बेचाळीसमध्ये जर्मनांनी त्या सगळ्यांना चालवत तिथे नेलं होतं.

जुनी कम्युनिस्ट राजवट गेली आणि बसगाड्या यायला लागल्या. इस्रायलची शाळकरी मुलं, जर्मन कॉलेजातली, वॉर्सातली, कधी अगदी अमेरिकेतून आलेली. या मुलांना हिंडवायला कुणीतरी हवं होतं. बोगुमिलाला इंग्रजी येत होतं, वाटा पाठ होत्या, आणि नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. अशी ती त्या कामात पडली ती पडलीच.

गावात ते सगळ्यांना रुचलं नाही. एकदा खाटकाच्या दुकानात मी तिच्याबरोबर रांगेत होते. खाटीक तिला लाडाच्या नावानं हाक मारत सगळ्यांदेखत म्हणाला, "काय बोगुसिया, आज किती मेलेले दाखवलेस पाहुण्यांना?"

"तुझ्या आजोबांनी खिडकीतून पाहिले तेवढेच," ती म्हणाली. "अर्धा किलो सॉसेज दे. आणि अंगठा काट्यावरून काढ."

मुलांशी मात्र ती हळू बोलायची. रडायची नाही, रडवायची नाही. जंगलात पोचलं की मुलं दगडाकडे बघत उभी राहायची. ती त्यांना म्हणायची, "आता पाठ फिरवा. आलो तो रस्ता बघा. त्यांनी शेवटचं हेच पाहिलं." एवढंच.

अधूनमधून मीही बसमधून जायचे, तेव्हा एक विचित्र गोष्ट मी बघत आले होते. जंगलाच्या अलीकडे रस्त्याला वळण आहे, डाव्या हाताला शेतं. तिथे बस आली की बोगुमिला माईक बंद करायची आणि खिडकीकडे पाठ करून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "वळणावर मळमळतं मला."

तिची आई, गेनियामावशी, तिच्याजवळच राहायची. ठेंगणी, डोक्याला कायम रुमाल, भारी कष्टाळू. ती कणीक मळताना, बटाटे सोलताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. एकच ओळ, पुन्हा पुन्हा: "मेडल, दिकू झिनोबर." मला वाटायचं, एखादं जुनं अंगाईगीत असेल. एकदा मी सहज म्हटलं, "मावशी, कुठलं हो हे गाणं? चाल सांगा ना, मुलांना शिकवते."

मावशीचे हात कणकेत तसेच थांबले. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या घरात चोरी करताना सापडले. मग हात न धुताच ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बोगुमिला मला फाटकापर्यंत सोडायला आली. "यान्का, ते गाणं नाही," ती म्हणाली. आणि मग, फाटकाला धरून, तिनं सांगितलं.

त्या ऑगस्टमध्ये गेनियामावशी नऊ वर्षांची होती. वळणाजवळच्या बांधावर घरची गाय राखत बसली होती. रस्त्यावरून माणसं आली. दोन्ही बाजूंनी बंदूकवाले. माणसं बोलत नव्हती, नुसती पावलं वाजत होती आणि धूळ उडत होती. त्यांच्यात हिच्याच वयाची एक मुलगी होती. एवढ्या उन्हात एकावर एक दोन स्वेटर घातलेले. तिनं कुणाचा तरी हात धरला होता. मावशीच्या समोर आल्यावर तिनं मान वळवली, थेट हिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. हिला कळलं नाही. ती पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्यानं. मग ढकलाढकलीत पुढे गेली. थोड्या वेळानं जंगलातून आवाज यायला लागले.

"आईनं ते शब्द जसेच्या तसे धरून ठेवलेत," बोगुमिला म्हणाली. "सारखे म्हणत राहते, विसरायला नकोत म्हणून. की विसरून जावेत म्हणून, देव जाणे."

"अर्थ काय त्याचा?"

"माहीत नाही."

"अगं, एवढे लोक येतात तुझ्याकडे! एकाला विचार की."

"आई विचारू देत नाही." तिनं फाटकाची कडी वरखाली केली. मग म्हणाली, "माझे दोन भाऊ होते माझ्याआधी. दोघंही पाळण्यात गेले. आईची खात्री आहे, त्या मुलीनं शाप दिला. तू जिवंत राहशील, पण तुझी पोरं जगणार नाहीत, असलं काहीतरी. आई म्हणते, शाप परक्या भाषेत आहे तोवर तो अर्धाच लागतो. कळला की पुरा लागेल. म्हणून मी जन्मले तेव्हा तिनं मला वर्षभर घराबाहेर काढलं नाही."

मी तिला वेड्यात काढलं नाही. ती स्वतःही त्यावर विश्वास ठेवते की नाही, हेही विचारलं नाही. तिनं फाटक लावून घेतलं आणि आत गेली.

पुढे दोन-तीन वर्षांनी, सप्टेंबरात, ब्युनोस आयरेसच्या एका ज्यू शाळेची मुलं आली. त्यांच्याबरोबर ताउबा झिल्बर नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, जीभ धारदार. त्यांचे आईवडील आमच्याच भागातून अर्जेंटिनाला गेलेले, त्यामुळे त्यांना पोलिश येत होतं, पण कसं, तर माझी आजी बोलायची तसं. "बसवाल्याला सांगा, आम्हाला माणसासारखं ने, बटाट्यासारखं नको," असं त्या म्हणाल्या तेव्हा आमचा ड्रायव्हरसुद्धा हसला. त्या दिवशी बोगुमिलाचा घसा बसला होता, म्हणून थर्मास आणि औषध घेऊन मीही गेले होते.

जंगलात मुलं शांत उभी होती. एक मुलगी मात्र दमून त्या काळ्या दगडाच्या कडेला टेकली. ताउबाबाईंनी काठी आपटली आणि ओरडल्या, "मेडल!"

पोर टुणकन उठली. पण माझं लक्ष बोगुमिलाकडे होतं. ती पांढरीफटक पडली होती.

"काय म्हणालात तिला?" तिनं विचारलं.

"काय म्हणणार? ए मुली, म्हटलं. यिद्दिश आहे, आम्हा ज्यूंची बोली. माझी आई मला अशीच हाक मारायची, मार द्यायच्या आधी."

बोगुमिला मुलांकडे वळली. मुलं स्पॅनिशमध्ये कुजबुजत होती. मला वाटलं, ही आता विषय सोडून देणार. पण बसलेल्या घशानं, त्या दगडासमोरच, तिनं ते सगळं वाक्य म्हटलं. तिच्या आईचा सूर, आईचा श्वास, सगळं तसंच. "मेडल, दिकू झिनोबर."

ताउबाबाई कान पुढे करून म्हणाल्या, "पुन्हा म्हण, पोरी."

तिनं पुन्हा म्हटलं.

आणि ताउबाबाई हसल्या. खरंच हसल्या, मोठ्यानं, त्या जागी. "दि कू इझ इन होबर! ए मुली, तुझी गाय ओट्सच्या शेतात शिरलीय! हे कुणी शिकवलं तुला? कुठल्या खेड्यातलं..." त्यांनी बोगुमिलाचा चेहरा पाहिला आणि हसू तिथेच तुटलं. "कुणी म्हटलं हे? कुठे?"

बोगुमिलानं हातानं रस्ता दाखवला. बाकीचं मी सांगितलं. ताउबाबाईंनी ऐकलं, तोंडावर हात ठेवला आणि त्याच दगडावर बसल्या, जिथून मघाशी त्यांनी पोरीला उठवलं होतं.

"तिकडे नेत होते तिला," त्या म्हणाल्या, "आणि ती परक्या पोरीची गाय बघत होती."

घरी आल्यावर बोगुमिला तीन-चार दिवस आईसमोर जेवायलाही बसेना. मला म्हणाली, "सांगू का? शाप नव्हता म्हटल्यावर सुटेल ना गं ती?" मी म्हटलं, सांग. ओझंच उतरणार आहे, असं मला अगदी मनापासून वाटलं. तिनं मला बरोबर बसवून घेतलं.

गेनियामावशी बीट किसत होती. हात कोपरापर्यंत लाल. बोगुमिलानं फार न फिरवता सांगितलं. "आई, त्या मुलीनं शाप नव्हता दिला. ती म्हणाली, तुझी गाय ओट्सच्या शेतात शिरलीय. बस्स, एवढंच. तुला मार बसू नये म्हणून."

मावशी किसत राहिली. मग थांबली. "कोण म्हणालं?"

"अर्जेंटिनाच्या बाई होत्या. त्यांची भाषा आहे ती."

"खोटं."

"आई, खरंच."

"त्या वेळी कोण बघेल गाय?" मावशी चिडून म्हणाली. "पाणी मागत असेल. मला ने म्हणत असेल. गाय कशाला?" तिनं किसणी बाजूला ठेवली, हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ त्या लाल डागांकडे बघत राहिली. मग एकदम लहान आवाजात म्हणाली, "बापानं पट्ट्यानं मारलं होतं त्या दिवशी. मला वाटलं, उशिरा घरी आले म्हणून."

बोगुमिलानं बीटचं ताट तिच्यापुढून उचललं.

"बोगुसिया," ती म्हणाली, "मग माझी पोरं कुणी नेली?"

कुणीच नेली नव्हती. तिच्या एका लेकराची छाती कफानं भरली, दुसऱ्याला जन्मतःच काही दोष होता, डॉक्टर मिळाला नाही. तिनं साठ वर्षं ते सगळं त्या मुलीच्या नावावर मांडून ठेवलं होतं, आणि आम्ही एका दुपारी ते तिच्याकडे परत आणून टाकलं.

त्यानंतर तिचं पुटपुटणं बंद झालं. बोगुमिला म्हणायची, घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. मावशी सुटली मात्र नाही. आता ती खिडकीशी बसून मध्येच विचारायची, "तिचं नाव काय असेल गं?" किंवा, "दोन स्वेटर. कुणी घातले असतील तिला? आईनं?" आधी ती मुलगी वाक्यापुरती होती. आता ती घरभर वावरायला लागली. एकदा मी गेले तेव्हा मावशीनं टेबलावर एक ताट जास्त मांडलं होतं. मी पाहतेय म्हटल्यावर झटकन उचललं.

वसंतात एका रविवारी, चर्चमधून येताना, ती म्हणाली, "मला वळणावर ने." जन्मभर ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. आम्ही दोघींनी तिला धरून नेलं. बांध नांगरून सपाट झालेला होता, शेतात मक्याची पेरणी चालू होती. ती इकडून तिकडे बघत राहिली, गाय कुठे, आपण कुठे, रस्ता कुठे. काहीच जुळेना.

"माझी पाठ होती गायीकडे," ती शेवटी म्हणाली. "मी त्या मुलीकडेच बघत होते. तिला दिसलं, मला नाही दिसलं." मग बोगुमिलाकडे वळून म्हणाली, "सांग तुझ्या बसमधल्या पोरांना. पण जंगलात नको सांगूस. इथे सांग. इथे ती अजून बोलत होती."

ती त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. झोपेत गेली, असं सगळे म्हणतात.

आता बस वळणावर थांबते. बघण्यासारखं तिथे काही नाही, मका आणि विजेचा खांब. ड्रायव्हर कुरकुरतात, थांबायला नीट जागासुद्धा नाही म्हणून. बोगुमिला मुलांना खाली उतरवते आणि चार वाक्यांत सांगते. गायीचं आलं की कुणीतरी हमखास हसतं, आणि मग ते हसणारं पोरच सगळ्यात उशिरा बसमध्ये चढतं. मागे एका जर्मन मुलीनं विचारलं, "मग गाय बाहेर काढली का?" बोगुमिला म्हणाली, "माहीत नाही, बाळा. आईला त्यानंतरची गाय आठवतच नव्हती."

तिला आता गुडघ्यांचा त्रास आहे. मी सोबत जाते. मुलं परत बसली की ती पुढे उभी राहून त्यांना मोजते. मोजून झालं की पुन्हा मोजते. गेल्या उन्हाळ्यात ड्रायव्हर वैतागला, "बाई, सगळी आलीत. किती वेळा मोजणार?"

"एक राहिलंय असं वाटतं," ती म्हणाली.

मी मागच्या सीटपासून पुढेपर्यंत मोजत आले. संख्या बरोबर होती. मी तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पण ती पायरीवरच उभी राहिली, रस्त्याकडे बघत. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि त्यानं दार उघडंच ठेवलं.