एका काजाचा शर्ट

मास्तर शिंपी होते, आणि वेळेवर कपडा दिल्याचं पाप त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की "फक्त काज राहिलंय" हे ठरलेलं उत्तर. मूत्रपिंडं कामातून गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर पडून राहायची वेळ आली, तरी त्यांची ही खोड गेली नाही.

शेजारच्या खाटेवर बसचे निवृत्त ड्रायव्हर असायचे. जिभेला हाड नसलेला माणूस. पाणी जास्त प्यायलं की वजन वाढायचं, म्हणून वजनकाट्यावर उभं राहिलं की आधीच सांगायचे, "सिस्टर, ओरडू नका, काल पाहुणे आले होते, पाणी त्यांनीच प्यायलं." सगळी खोली हसायची. त्या हसण्यावर मास्तरांचे डायलिसिसचे चार तास निघायचे.

तेच ड्रायव्हर एका सकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, आता बास झालं. पुढच्या खेपेला मी येत नाही."

समजूत घालणं मास्तरांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी खिशातली टेप काढली आणि पडल्या पडल्याच ड्रायव्हरांच्या मोकळ्या हाताचं माप घेतलं. "तुम्हाला शर्ट शिवतो. सुया टोचायच्या हाताची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी, बटणांची. बाहेर पडताना बटणं लावली की हातावरच्या गाठी कुणाला दिसायच्या नाहीत."

ड्रायव्हरांनी तोंड इकडे वळवलं. मग म्हणाले, "पूर्ण बाहीचा? मग तो घालून चौकात बसेन. अर्धा कप चहा घेईन. कुणी तब्येत विचारणार नाही."

पुढच्या खेपेला ते आले. त्याच्या पुढच्यालाही आले. माप दिलेला माणूस कपडा न्यायला येतोच, हे मास्तरांनी जन्मभर पाहिलं होतं. म्हणून कधी कॉलर राहायची, कधी बटणं मिळायची नाहीत. "थापाडे आहात नुसते," ड्रायव्हर म्हणायचे आणि बाही कशी दिसते ते पुन्हा विचारायचे. शर्ट दुकानात हँगरला टांगलेला होता. मनगटाजवळचं एक काज तेवढं मास्तरांनी मुद्दाम बाकी ठेवलं होतं. ते झालं की हा माणूस यायचा थांबेल, अशी त्यांना भीती वाटायची.

मग एका खेपेला शेजारची खाट रिकामी राहिली. सिस्टर म्हणाल्या, अशक्तपणा आहे, येतील. मास्तरांनी मनाची समजूत घातली. शर्ट आपल्याकडे आहे, जातो कुठे?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होते तेवढ्यात ड्रायव्हरांची बायको पायरीशी येऊन उभी राहिली. सोबत कुणी नव्हतं.

"पहाटे गेले," ती म्हणाली. "शर्ट झालाय का, मास्तर? ह्यांना घालायचाय."

सवयीने मास्तरांच्या तोंडातून निघून गेलं, "फक्त काज राहिलंय." मग स्वतःचीच शरम वाटली. "बसा वहिनी. आत्ता देतो."

ती स्टुलावर बसली. मास्तरांनी सुई ओवली. डोळे भरून येत होते, पण हात सवयीचे होते. काज झालं. बाहीची सगळी बटणं त्यांनी एकेक करून लावली, शर्टाची घडी केली आणि कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

ती त्या पुडक्याकडे बघत राहिली.

"एवढंच राहिलं होतं?" तिने विचारलं. "रोज वाट बघायचे हो."

"एवढंच," मास्तर म्हणाले.