बाहीखालच्या बांगड्या
रबर तापल्याचा वास आला की माझं डावं मनगट आपोआप छातीशी येतं. लग्नाला जेमतेम महिना झाला होता आणि मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. 'मशीनवर बांगड्या काढणं कंपल्सरी हाय,' सुपरवायझर रोज बजावायचा. घरी सासूबाई म्हणायच्या, 'वरीसभर हिरवा चुडा उतरायचा न्हाई, आपल्यात कंपल्सरी असतं.' शब्द दोघांचा एकच, म्हणून मी बांगड्या वर सरकवून त्यावर ॲप्रनची बाही ओढायची आणि दोघांनाही खूश ठेवायची. एका दुपारी चालत्या पट्ट्याने ती बाहीच धरली. हात रोलरकडे ओढला जाऊ लागला. शेजारच्या बाईने लाल बटण दाबलं तोवर बांगड्या खाली घसरून फुटल्या होत्या, काचा मनगटात रुतल्या होत्या. हात वाचला, सगळे नशीब म्हणत होते. मला मात्र घरच्या दारात मोकळ्या मनगटाने उभं राहायचीच भीती होती. सासूबाईंनी रक्ताळलेली पट्टी बघितली आणि पहिलं विचारलं, 'बांगड्या किती वाढवल्या?' परवा आमच्या लाईनवर एक नवी नवरी आली. पट्टा सुरू झाला, आणि तिच्या बाहीखाली बारीक किणकिण ऐकू आली.