मागं न जाणारी गाडी

थोरल्या साडूनं मला पहिल्यांदा मागच्या फाटकातून आत घेतलं तेव्हा माझ्या अंगात लग्नातला कोट होता. लातूरला त्याची डाळमिल, घर त्याच आवारात. मी नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहून वर आलेला. "मोंढ्यातली माणसं मालाच्या फाटकानं येतात," तो पाहुण्यांसमोर म्हणाला आणि सगळे हसले. या फाटकातून पुन्हा येणार नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. पुढं माझी स्वतःची तेलगिरणी झाली, तरी ते हसणं कानातून गेलं नाही.

ती गाडी मला देगलूरच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये सापडली. दोन माणसांची, उघडी, लाल, विलायती. नांदेडात लोक वळून बघायचे. हमरस्त्यावर मात्र ती रडायची. चौथ्या गिअरच्या पुढं काही नाही. जरा वेग धरला की इंजिन किंचाळायचं आणि लोहा यायच्या आत पाणी उकळायचं.

उदगीरला सासऱ्यांच्या ओसरीवर साडूनं नेमकं तेच काढलं. "वरातीतली घोडी हाय ती. नवरदेव उतरला की तबेल्यात."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या अंगणात आणून उभी करतो."

"वाटेत किती वेळा गार करत बसशील?" असं म्हणत त्यानं बैलबाजारात टाकतात तसं उपरणं आमच्या हातांवर टाकलं आणि खालून माझी तीन बोटं धरली. तीन थांबे. दया दाखवत होता. मी बोटं सोडवून घेतली आणि त्याच्या तळव्यावर बंद मूठ दाबली. एकही नाही.

"मी शेजारी बसणार. आन् माझ्या अंगणात समद्या गाड्यांची तोंडं पुढच्या फाटकाकडं असतात, तशीच लावायची. न्हाई जमलं तर गाडी माझी."

"आणि जमलं तर?"

"तर ह्याच ओसरीवर म्हणीन, गाडी बी खरी आन् साडू बी खरा."

तोंडाची अट मला इतकी किरकोळ वाटली की मी घासाघीससुद्धा केली नाही. उपरण्याखालचा हात सुटला की शब्द फिरवता येत नाही. सासरे बघत होते.

नांदेडला ट्रकचे गिअरबॉक्स खोलणारे एक उस्ताद आहेत, माझ्यापेक्षा तापट. त्यांनी कुठून तरी जुना ओव्हरड्राइव्ह मिळवला. गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडायचा लोखंडी डबा. चौथ्या गिअरवर खटका खाली केला की इंजिन निवांत होतं, चाकं मात्र तेवढीच पळतात. डबा बसवायला मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागला, खालचा आडवा पट्टा सरकवावा लागला. आमची रोज भांडणं व्हायची. शेवटी त्यांनी बोट रोखून सांगितलं, "सेठ, एक बात याद रखो. खटका नीचे हो, डबा चालू हो, तो गाडी पीछे नही लेना. गिअर में नही, धकेल के भी नही. अंदर सब चूर हो जाएगा."

साडू नांदेडला आला, माझ्या शेजारी अंग चोरून बसला आणि आम्ही निघालो. लोह्याच्या पुढं मी खटका खाली केला. इंजिनाचा आवाज एकदम उतरला. पाण्याचा काटा मधोमध आला आणि तिथंच राहिला. अहमदपूर गेलं. साडू वाकून वाकून काट्याकडं बघत होता. मला वाटलं, जिंकलो.

चाकूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली म्हणून मी खटका वर केला. इंजिनाचा आवाज चढायला हवा होता. चढला नाही. पुन्हा खाली, पुन्हा वर. खटका वर आला तरी डबा आत चालूच अडकला होता.

"तोंड का उतरलं रे?" साडूनं विचारलं.

"ऊन लागून राहिलंय."

त्यानंतर मी प्रत्येक वाहनामागं गाडीभर अंतर सोडलं. कुणी आडवं आलं असतं तर मला हातभर मागं सरकायचीही सोय नव्हती. लातूरच्या चौकात एक रिक्षा समोर आडवी थांबली तेव्हा मी तोंडाला आलेली शिवी गिळली आणि तिच्या शेजारून कशीबशी वाट काढली. काट्याकडं बघायचंही मी विसरलो होतो.

पुढच्या फाटकापाशी साडू उतरला आणि दोन्ही हातांनी इशारे करायला लागला. "चल, उलटी घे आत."

आत अंगणात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या, मधे बोळाएवढी वाट. वळायला जागा नाही. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

त्याला कळलं. चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं. "मागं जात न्हाई जणू! मग किल्ली आण."

उलटा गिअर टाकला तर डबा फुटणार. न टाकला तर गाडी जाणार. रागानं मी गिअरचा दांडा घट्ट धरला. टाकावा आणि होऊ दे चुरा, असंही मनात आलं.

मेहुणी ओवाळायला तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली होती. तिच्या मागं, थप्प्यांच्या पलीकडं, बोळाच्या टोकाला मला ते दिसलं. मालाचं फाटक.

"ताई, मागचं उघडा," मी म्हणालो.

तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तशीच मागच्या फाटकाकडं गेली.

मी गल्लीला वळसा घातला. ज्या फाटकातून कधी यायचं नाही असं ठरवलं होतं, त्यातून गाडी सरळ आत घातली, थप्प्यांमधून पुढं आणली आणि साडूनं एव्हाना लावून घेतलेल्या पुढच्या फाटकापाशी थांबवली. नाक फाटकाला टेकायचंच बाकी होतं.

"हे चालणार न्हाई," साडू ओरडला. "मागून आलास!"

"अट तोंडाची होती, फाटकाची नव्हती. बघा, तोंड कुठं हाय ते."

मेहुणीनं चाकांवर पाणी ओतलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. साडू गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवून बघितला. भाजलं नाही.

पुढं उदगीरला तो ते वाक्य बोलला, भिंतीकडं बघत, सुपारी चघळत. मला ते पुरलं नाही.

पण त्याआधी, त्याच दिवशी लातूरहून निघताना गाडी अजून मागं घेता येत नव्हती आणि तिचं तोंड त्याच्याच अटीप्रमाणं पुढच्या फाटकाकडं होतं. मी आत बसून इंजिन सुरू केलं. हॉर्न वाजवला नाही. नुसता बसून राहिलो, तो येईपर्यंत. तो आला, त्यानं कडी काढली आणि माझ्यासाठी दोन्ही दारं उघडून धरली.