चिंच-राखेनं घासलेले एकवीस रुपये

माझ्याकडे निजामाच्या काळातले एकवीस हाली रुपये आहेत. चांदीचे, चारमिनारचं चित्र असलेले. सासूनं दिलेले. उमरीच्या घरी दर लक्ष्मीपूजनाला ते चिंचेचा कोळ आणि चुलीची राख लावून घासायचं काम पन्नास वर्षं माझ्याकडेच होतं. शेजारणी म्हणायच्या, तुमची लक्ष्मी आरशासारखी. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात लातूरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. नात तिथे कॉलेजात शिकते. ती म्हणाली, आपलीही नाणी मांडू, खाली तुझं नाव लिहितील. मी चौथी शिकलेली. माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं. तिथे लिहावं, असं मला फार वाटलं. नाणी पुन्हा एकदा चांगली घासली आणि गेले.

तपासायला एक रिटायर मास्तर बसले होते. भिंग लावून त्यांनी एकेक रुपया उलटापालटा केला. चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. माझ्या एकाही नाण्यावर ते धड उरलं नव्हतं.

"आजी, वापरून झिजलेलं चालतंय, घासलेलं चालत न्हाई. हे मांडता येणार न्हाईत."

नातीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, आता रडून अक्षर परत येणार आहे का? पण तिथला चहा मलाही गोड लागला नाही.

निघणार तेवढ्यात एक गृहस्थ काळाभोर रुपया घेऊन आले. आजोबांच्या पेटीतला, कधी हात न लागलेला, म्हणून आपोआप काळा पडलेला, असं सांगत होते. मास्तर खूश होऊन चिठ्ठीवर वरचा दर्जा लिहायला लागले. मी भिंग मागून घेतलं. काळ्याखाली बारीक ओरखडे होते, माझ्या नाण्यांवर आहेत तसेच.

"मास्तर, हे राखेनं घासलेलं हाय. अंगठा गोल फिरतो, म्हणून रेघाबी गोल. काळं मागून चढवलंय."

आजीला नाण्यातलं काय कळतंय, असं ते गृहस्थ म्हणाले. मी माझा एक रुपया त्याच्या शेजारी ठेवला. मास्तरांनी दोन्ही बराच वेळ बघितले आणि चिठ्ठी फाडली. मग गृहस्थांनीच हळू आवाजात कबूल केलं. घासायची त्यांची आई. घासल्याच्या रेघा झाकायला काळं एका दुकानदारानं करून दिलं होतं.

मास्तरांनी माझे रुपये पुन्हा मागून घेतले. काचेखाली एकीकडे प्रदर्शनातला एक न घासलेला रुपया ठेवला, दुसरीकडे माझे एकवीस. लोकांना फरक दिसावा म्हणून. चिठ्ठीवर ते 'खराब झालेली नाणी' लिहीत होते, मी अडवलं. झालं तेच लिहा म्हटलं. 'पन्नास वर्षं चिंच-राखेनं घासलेली', आणि खाली माझं नाव. तसंच लिहिलं.

आता नांदेडला प्रदर्शन आहे. तपासणीच्या टेबलाशी मास्तरांनी माझ्यासाठी एक खुर्ची सांगून ठेवली आहे.

यंदाच्या दिवाळीत पूजेला रुपये न घासताच मांडले. शेजारीण म्हणाली, तुमची लक्ष्मी काळी पडली की. मी म्हटलं, पडू दे.