हळद वाळेपर्यंत

“म्याडम, खड्ड्यात पुन्हा पाणी भरायलंय. टेप धरू का?” मल्लू तिसऱ्यांदा विचारत होता. माझ्या हातात नवी कोरी एमबी होती आणि तिच्या कव्हरवरची हळद अजून ओली होती.

जनवाड्याच्या पुढे ओढ्यावर छोट्या पुलाचं काम चालू होतं. मल्लू शेतकऱ्याघरचा. इतकी वर्षं दुसऱ्या कंत्राटदारांच्या हाताखाली राबला, आणि स्वतःच्या नावावर हे पहिलंच काम. मी त्या कामावरची इंजिनिअर. पायाचा खड्डा खडकापर्यंत पोचला होता, पंप पाणी उपसत होता, मिक्सर तयार होता. अडलं होतं ते माझ्या वहीपाशी.

एमबी म्हणजे मेजरमेंट बुक. झालेल्या कामाची मापं जागेवरच लिहायची सरकारी वही. तिच्यात जे लिहिलं तेवढंच काम झालं असं ऑफिस मानतं. त्यातून पाया एकदा काँक्रीटखाली गेला की पुन्हा मोजता येत नाही. म्हणून आधी माप, मग काँक्रीट.

जुनी एमबी भरली होती. नवी त्या दिवशी सकाळीच बिदरच्या ऑफिसात हातात पडली. मला नव्या वहीचं भारी कौतुक, घरचे यावरून चिडवतात. जीपमध्येच खाकी कागदाचं कव्हर घातलं. पानं मोजून, पहिल्या पानावर वहीत इतकी पानं आहेत असा दाखला लिहून साहेबांची सही घ्यायची, मगच वही वापरायची, असा नियम आहे. साहेब म्हणाले, “नंबर छापलेले आहेत हो. आज माप घ्या, दाखला सोमवारी बघू.”

साइटवर पोचले तर मल्लूची आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन हजर. पोराच्या पहिल्या कामाची पहिली वही, पूजा केल्याशिवाय तिच्यात काही लिहायचं नाही, असं तिचं म्हणणं.

“पयल्या पानावर देवाचं नाव पायजे, बाई.”

“अक्का, वही सरकारची हाय. कव्हर माझं हाय. त्याच्यावर काय लावायचं ते लावा.”

अक्कांनी हात आखडता घेतला नाही. हळद चांगली कालवून बोटांनी लावली, वर कुंकू. ओल आत उतरू नये म्हणून वाळेपर्यंत मी वही जीपच्या बॉनेटवर उभी धरली आणि पानं सुटी करू लागले. नवी वही एकदम मधोमध उघडली तर पाठ मोडते. थोडी पानं पुढून, थोडी मागून, असं करत मधे यायचं. त्या नादात नंबरही वाचत होते. शेहेचाळीसनंतर थेट एकोणपन्नास आलं.

शिलाईत फाटल्याची खूण नव्हती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस नंबरांचं पान छापखान्यातच राहिलं होतं. एमबीतलं पान फाडणं आमच्याकडे अक्षम्य. पुढे ऑडिटमध्ये हे निघालं असतं तर पहिला संशय कंत्राटदारावर, दुसरा माझ्यावर.

साहेबांना फोन लावला. ते वैतागले. आधी माप लिहून घ्या म्हणाले.

“साहेब, एकदा लिहिलं की हे पान आधीपासूनच नव्हतं असं कोण मानेल? मल्लूला पुन्हा काम कोण देईल?”

ते म्हणाले, “निघतो.”

बिदरहून यायला त्यांना वेळ लागणार होता. खड्ड्याची एक बाजू ओली होऊन ढासळायला लागली होती. मल्लूनं दुसरा पंप आणून लावला. अक्का जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “माज्या हळदीनं काई बिघडलं का बाई?”

“न्हाई अक्का. तुमच्या हळदीमुळंच कळलं.”

साहेब आले. पानं स्वतः उलटून पाहिली, दाखल्यात गहाळ पानाचे नंबर लिहून तारीख-वेळेसह सही केली. मी लगेच माप घेतलं. अंधार पडायच्या आत पाया भरला. मल्लूनं सगळ्यांना चहा पाजला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा घेतला.

पूल झाला. पुढे ऑडिटर शेहेचाळीसाव्या पानावर अडलेच. पहिल्या पानावर गेले, दाखला वाचला, पहिल्या मापाची तारीख पाहिली आणि पुढे सरकले. वही मिटताना मात्र पिवळ्या कव्हरकडे बोट करून विचारलं, “हे काय?”

“कव्हर माझं आहे, सर.”

मल्लूला आता दुसरं काम मिळालंय. साहेब हल्ली नवी एमबी देताना, आधी पानं मोजा, असं स्वतःच बजावतात. मी तर मोजतेच. आणि अक्का करंडा घेऊन आल्या तर नाही म्हणत नाही. हळद वाळेपर्यंत सगळी पानं उलटून होतात.